आबांचं वय एक वर्ष

आठवीतून शाळा सोडून खंडाळ्याकडून सांगलीला हळदीच्या गोदामात कामाला आलो, तेव्हा विश्रामबागेतल्या आबांनी मला घरामागची खोली दिली. भाड्याचं नाव काढलं की रागवायचे. पलटणीतून निवृत्त झालेला, शंभरी ओलांडलेला माणूस. एकटेच राहायचे.

एका सकाळी ते न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा परदेशात, म्हणून दवाखान्यात नाव-वय मीच सांगितलं. जन्मतारीख एक जून, साल चोवीस. खिडकीतल्या बाईंनी तसंच कॉम्प्युटरवर घेतलं.

मोठे डॉक्टर म्हणाले, दुपारीच ऑपरेशन करू. या वयात नुसतं पडून राहिले तर छाती भरते, मग आपल्या हातात काही राहत नाही. डॉक्टर निघून गेले आणि रक्ताचा रिपोर्ट आला. किडनीच्या आकड्यापुढं धोक्याची खूण. ड्यूटीवरच्या पोरसवदा डॉक्टरनं तो मोठ्या डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवला, आणि ऑपरेशन थांबलं.

आबांची छाती आताच घरघरते आहे, असं मला वाटायला लागलं. मी त्यांच्या तोंडाकडंच बघत उभा.

"तोंड का पाडलंयस रं? मी हाय अजून."

सलाईन बदलायला आलेल्या सिस्टरनं रिपोर्ट उचलला. "वय एक वर्ष? हे कुणाचं बाळ?"

तान्ह्या पोराच्या मापानं आबांचं रक्त मोजलं होतं. मोठ्या माणसाला तोच आकडा ठीक होता.

मी खिडकीकडं पळालो. वाटलं, मीच काहीतरी चुकीचं बोललो. बाई म्हणाल्या, "तुमचं चुकलं न्हाई. प्रोग्रॅम लय जुना हाय. सालाचे शेवटचे दोनच आकडे घेतो, अन् तीसच्या आतलं साल असलं की दोन हजारातलं धरतो."

"मग आता?"

"तीस टाकते. सहा वर्षांनी तरुण होतील. खरं साल कागदावर हातानं लिहिते."

नव्या रिपोर्टवर खूण नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी येऊन तो स्वतः बघितला आणि स्ट्रेचर मागवलं.

आबांना सांगितलं, तर म्हणाले, "एक जून मास्तरानं ठोकून दिल्याली. आता सालबी गेलं. पलटणीला कळवू नगंस गड्या, पेन्शन माघारी मागतील."

मला हसू आलं नाही. ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं तसा भिंतीला टेकून बसलो.

संध्याकाळी त्यांना बाहेर आणलं. भूल पुरती उतरली नव्हती. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "जेवलास का?"

मी न्हाई म्हणालो.

"मग हितं काय करतोयस? जा, खाऊन ये."