भाऊकाकांच्या रिळातली लुकलुक

माझ्या हातून एकदा असा काही शहाणपणा झालाय ना, की नुसता आठवला तरी अजून कान तापतात. आज सांगूनच टाकतो!

डहाणूत माझा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. दोन हजार सोळा साल. कॉम्प्युटर नवाकोरा, त्यामुळे जगातलं काहीही आपण दुरुस्त करू शकतो असा माज! त्यात एके दिवशी बोर्डीचे भाऊकाका आले. चिकूच्या वाडीवाले, ऐंशीला टेकलेले. हातात जुन्या रिळाचा डबा.

"माझ्या बापाने काढलेली फिल्म आहे," ते म्हणाले. "हिच्यात तुझी काकी आहे. सासरा कॅमेरा धरून समोर उभा, म्हणून पदर नाकापर्यंत! एकदाच पदर सारून माझ्याकडे बघते. बस, तेवढंच. लग्नाला चार वर्षं झाली नि गेली ती. दुसरा धड फोटो नाय रे तिचा. तेवढा चेहरा सांभाळ, दीकरा."

"काका, चेहरा काय, नाकातली चमकीसुद्धा दिसेल!"

जीभ बघा माझी!

एका ओळखीच्याकडून प्रोजेक्टर आणला. भिंतीवर पांढरी चादर ताणली, समोर कॅमेरा लावला आणि रीळ सोडलं. रीळ पापडासारखं कुरकुरीत. दहा ठिकाणी तुटलं, आणि संपलं तेव्हा हातात निव्वळ चुरा! म्हटलं, जाऊ दे, रेकॉर्डिंग तर झालं.

रेकॉर्डिंग बघतो तर काय? सगळं चित्र लुकलुकतंय! प्रोजेक्टरची गती एक, कॅमेऱ्याची दुसरी. उजेड सारखा येतोय, जातोय. आधी दोन मिनिटं तपासून बघितलं असतं, तर गती जुळवता आली असती. पण तपासून बघेल तो मी कसला?

मग बसलो सॉफ्टवेअर घेऊन. थोडी लुकलुक गेली. आणखी जोर लावला, आणखी गेली. उजेडाचे उरलेसुरले फटके मी स्वतः शोधून कापले आणि तिथे शेजारचं चित्र चिकटवलं. एका जागी तर पडदा क्षणभर पांढराफटक! तेवढा तुकडाही कापला. तीन दिवस नुसता खपत होतो. शेवटी जागा पुरेना म्हणून मूळ रेकॉर्डिंगही उडवलं. आता ते कशाला हवंय?

भाऊकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी ऐटीत टीव्ही लावला. अंगण, दोरी, धुणं वाळत घालणाऱ्या काकी. पदर नाकापर्यंत. काका खुर्चीत पुढे सरकले.

"आता बघ हां. आता!"

काकींचा हात पदराकडे गेला. आणि लगेच खाली आला. पदर होता तिथेच.

आणि मला आठवलं. तो पांढराफटक तुकडा! पदर सरल्यावर ऊन थेट तोंडावर पडलेलं, आणि मी गाढवाने तोच चेहरा कापला होता!

"परत लाव," काका म्हणाले. लावलं. "परत." पाच वेळा लावलं.

"कुठे गेली रे?"

आता कबूल करायचं की नाही? पण मी काय म्हणालो माहितेय? "काका, रिळात एवढंच होतं."

काका खुर्चीत मागे टेकले.

"म्हणजे बघितलंच नाय तिने?" मग स्वतःच मान हलवली. "असेल. पन्नास वर्षं झाली. माणूस आपल्या मनाने काहीतरी धरून बसतो ने." उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण साफ किती केलंस! जरा म्हणून लुकलुक नाय."

पुढे बोर्डीत ते सगळ्यांना सांगत फिरले, "माझी आठवण खोटी निघाली, डहाणूच्या स्टुडिओवाल्याने दाखवून दिलं." माझं केवढं नाव झालं!

आठवड्याने त्यांच्या वाडीतून चिकूची पेटी आली. तुझ्या मेहनतीबद्दल, म्हणून. आता तरी मी बोर्डीला जाऊन खरं सांगितलं असेल, असं वाटतंय ना तुम्हाला?

पिकत घातले हो मी ते चिकू. आणि सगळे खाल्ले. गोड होते.