लाल खड्याची नथ

मी हे लिहायला बसावं की नाही, हेच अजून ठरत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण परीक्षेची उत्तरं लिहिणं वेगळं आणि आपल्या माणसाबद्दल लिहिणं वेगळं. मावशीला वाचता येत नव्हतं. तुझ्याबद्दल चार ओळी लिहितोय असं सांगितलं असतं, तर ती म्हणाली असती, "आन् वाचनार कोन रं, म्हशी?" तरीही लिहितो. उणंअधिक झालं, तर दोष माझ्या हाताचा समजावा.

मावशीची ओळख द्यायची, तर आधी तिच्या सवतीची द्यावी लागते. बेलापूरजवळच्या एका वाडीत मावशी तात्यांना दुसरेपणावर दिलेली. त्यांची पहिली बायको लहानशी मुलगी मागे ठेवून वारली होती. रिवाजाप्रमाणे लग्नात मावशीच्या गळ्यात त्या बाईचा टाक बांधला. टाक म्हणजे बाईची आकृती उठवलेला चांदीचा एवढासा पत्रा. दुसऱ्या बायकांच्या गळ्यात तो मुकाट्यानं लोंबतो. मावशी त्याच्याशी बोलायची. नवं लुगडं आलं की त्याचा पदर आधी टाकाला लावायची, "नेस बाई, मग मी नेसते." कालवण खारट झालं तर म्हणायची, "थोरलीचं ध्यान नव्हतं आज." मुलगी तापानं फणफणली की टाक मुठीत धरून दटावायची, "पोर तुजी हाय, तू बी जाग की जरा!"

ती पोर म्हणजे सुशीला. शाळेसाठी मी मावशीकडेच राहत होतो. आम्ही दोघंही तिला मावशीच म्हणायचो. मी म्हणायचो ती आईची बहीण म्हणून, सुशी म्हणायची ती आई नव्हे म्हणून. मावशीला मूल झालं नाही. कुणी हळहळलं, तर ती सुशीच्या केसांत फणी घालत म्हणायची, "झालं न्हाई तेच बरं. एका येणीत दोन पोरींची माया बसती व्हय?" सुशीनं सावत्रपणाचा किंतु मनात न ठेवता सासरी जावं, एवढंच तिला हवं होतं. देवाकडे दुसरं काही मागताना मी तिला कधी ऐकलं नाही.

थोरलीचा एकच दागिना घरात उरला होता, मोत्यांची नथ. तार वाकडी झालेली, मोती पिवळे पडलेले, आणि मधला खडा कधी निखळून गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशीनं ती कधी नाकात घातली नाही. "ठेव हाय ती," म्हणायची. सुशीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं नथ नव्यानं बसवून घ्यायची ठरवलं. पण खडा कुठल्या रंगाचा होता? तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, "नाकाकडं कोन बघत बसतंय? नांगरट का कमी हुती?" म्हाताऱ्या सासूबाई म्हणाल्या, "चमकायचा, एवढं खरं." तात्यांची बहीण लांब पैठणकडे दिलेली, तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी सुशीच खाली बघत म्हणाली, "लाल हुतं. आई माझ्यावर वाकली की लाल दिसायचं. मला आईचं तेवढंच आठवतंय."

मावशीचा चेहरा उजळला. "लेकरानं पाह्यलं तेच खरं," ती म्हणाली, आणि आम्हांला घेऊन बेलापुरात सोनाराकडे गेली. सोनारानं कागदाच्या पुडीतून लाल खडे पाटावर ओतले. मावशी एकेक उचलून सुशीच्या गालाजवळ धरून बघत होती. "ह्यो नगं, फिक्का हाय. ह्यो डाळिंबाच्या दान्यावानी हाय, ही खाऊन टाकंल." सोनार वैतागून म्हणाला, "बाई, माणिक घेताय का बाजार?" "पोरीच्या आईचं घेतोया," मावशी म्हणाली.

नथ झाली, तेव्हा तिला फोटो हवा झाला. "थोरलीचं तोंड मला कुनी दावू शकलं न्हाई. सुशीच्या पोरीला तिची आई तरी दिसू दे." मी कॉलेजात गेलेला, म्हणून फोटोवाल्याशी बोलायला मला बरोबर घेतलं. श्रीरामपूरच्या स्टुडिओत सुशी खुर्चीवर श्वास रोखून बसली. फोटो हातात आला आणि मावशी ओरडलीच, "अरं, खडा काळा आला! म्या पोरीला तीट लावलीया का?" फोटोवाल्यानं समजावलं, फोटोत रंग येत नाही, वरून ब्रशनं द्यावा लागतो. त्यानं हौसेनं गाल गुलाबी केले, ओठही रंगवले. मावशी त्याच्या पाठीशी उभी होती. "व्हट पूस बाबा, पान खाल्ल्यागत दिसतीया. खडा तेवढा लाल कर. आजून. आजून जरा." तो फोटो दारातून आत येणाऱ्याला समोरच दिसेल असा तिनं भिंतीला लावला.

लग्नाच्या आदल्या दिवशी तात्यांची बहीण आली आणि त्या फोटोपुढेच थबकली. "ह्यो लाल कुटून आला? आमच्या वैनीच्या नथीत पाचू हुता, हिरवागार. म्या सोता घालून मिरवलीया."

"वन्सं, खडा पडलेलाच हुता," मावशी म्हणाली.

"पडला का पाडला?"

"मीच लाल सांगितला, आत्या," सुशी मध्ये पडली. "मला आठवतंय."

"तू रांगत हुतीस, तुला काय आठवतंय! हिनंच भरवलं आसंल तुझ्या डोक्यात, पाचू गिळायला."

आता सासूबाईंनाही आठवलं. "व्हय की, हिरवाच हुता." ओसरीवरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सुशीनं मावशीकडे पाहिलं. "मग मला लाल का दिसतंय, मावशी?" मावशीलाही ते ठाऊक नव्हतं. सुशीनं नथ काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी आत्यानं दिलेली नथ घालून ती बोहल्यावर उभी राहिली. निघताना मावशीच्याही पाया पडली, पण मान वर केली नाही.

शेजारची भामा कामाला जाताना आपलं तान्हं मूल मावशीजवळ टाकून जायची. लग्नानंतरच्या सुट्टीत मी मावशीकडे होतो. मावशी त्या मुलाला मांडीवर घेऊन वाकली होती, आणि ते दोन्ही हात तिच्या कपाळाकडे नेत होतं. खालून त्याला तिचं ठसठशीत कुंकूच तेवढं दिसत असावं. मावशी तशीच वाकलेली राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दत्तू, ते कुंकू हुतं रं. सुशीला दिसायचं ते. खडा नव्हं, आईचं कुंकू."

मी म्हणालो, "आजच निरोप धाडू."

"न्हाई. असलं दुसऱ्याच्या तोंडानं न्हाई धाडायचं. समोर बसवून सांगीन. येईलच की दिवाळीला."

दिवाळीला सुशीला तिच्या आत्यानं नेलं. मग दुष्काळ पडला. तिच्या सासरची माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला गेल्याचं कळलं. मावशीनं ते तीनदा विचारून घेतलं, "सुशी बी? तिच्या हातात बी कोयता?" मी नगरला कॉलेजात परत आलो. येताना तिनं मला बजावलं, "तू नगं बोलू तिला. माझं मी बोलंन."

परवा आई एस.टी.नं नगरला आली. होस्टेलच्या पायरीवर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. मावशी जाऊन दहावं-बारावंही उरकलं होतं. "तुजी परीक्षा हुती, म्हनून कळवलं न्हाई, बाळा." मावशी अंथरुणाला खिळली तेव्हा सुशीला निरोप धाडला होता, पण तिच्या घराला कुलूप होतं. शेवटी मावशीला दिसेनासं झालं. "सुशी आली का?" हे एकच चाललं होतं. आईच्यानं बघवेना. तिनं भामाला बोलावून जवळ बसवलं आणि सांगितलं, "आली बघ सुशी."

भामा तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. मावशीनं तिचा हात चाचपला. "कोयत्यानं हात पार गेलं की गं तुजं," म्हणाली. मग तिला ओढून तोंडाजवळ घेतलं आणि पुष्कळ वेळ कानात काहीतरी सांगत राहिली. भामा "व्हय, व्हय" म्हणत होती. सांगून झालं तशी मावशी निवांत पडली, आणि दिवस मावळायच्या आत गेली.

"भामा भाईर आली," आई म्हणाली, "आन् मला इचारती, काकू, त्या कुंकवाचं काय सांगत हुत्या वो? मला काईच कळलं न्हाई."