बेथलेहेमचा नंदी

‘वेळ छान जात असेल ना तुमचा?’ आईने केलेली कागदाची वस्तू हातात घेऊन लोक हमखास हे विचारायचे, आणि मला त्या वाक्याचा मनस्वी राग यायचा. आईकडे घालवायला वेळ होता कुठे? सकाळी वडिलांचा डबा, माझी शाळा, विहिरीचं पाणी, धुणीभांडी, दुपारी आसपासच्या बायकांचे ब्लाउज शिवायचे. त्यातूनच ती कसाबसा वेळ ओरबाडून काढायची आणि कात्री घेऊन बसायची. बसल्याशिवाय तिला चैनच पडायचं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भुईगावात एका ख्रिस्ती कुटुंबाच्या वाडीत आम्ही दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचो. वडील कोकणातले, नोकरीला मुंबईत. वाडीत केळी होत्या, मोगरा होता, मधे विहीर होती आणि विहिरीच्या पलीकडे घरमालकांचं कौलारू घर. घरमालकीणबाईंना मी मावशी म्हणायचे. घरात त्या त्यांच्या बोलीत बोलायच्या, त्यातलं मला अर्धंमुर्धं कळायचं. आमच्याशी बोलताना मात्र त्या जरा आमच्या वळणावर यायच्या.

आईची सुरुवात भेटकार्डांपासून झाली. कच्चा माल म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. पत्रिका टाकून द्यायची आमच्याकडे सोय नाही, कारण तिच्यावर गणपती असतो आणि गणपती केरात कसा टाकायचा? त्यामुळे ओळखीच्या प्रत्येक घरात कपाटाच्या तळाशी पत्रिकांचा गठ्ठा पडून असायचा, आणि आई तो मोठ्या आनंदाने मागून आणायची. गणपती अलगद कापून एका डब्यात ठेवायची आणि उरलेल्या जाड कागदाचं सोनं करायची. मावशींकडच्या लग्नांच्या पत्रिका चांगल्या पुठ्ठ्यासारख्या, पांढऱ्याशुभ्र, वर रुपेरी घंटा. त्या घंटा दिवाळीच्या कार्डावर आकाशकंदील होऊन लटकायच्या. पतंगाचा कागद मागून चिकटवला की कंदिलाच्या खिडकीतून उजेड आल्यासारखा वाटे.

एका दिवाळीला तिने माझ्या मावसबहिणीला असंच एक कार्ड पाठवलं. तिचं उत्तर आलं, ‘कार्ड फारच सुरेख! कुठल्या दुकानातून घेतलंस?’

वडील म्हणाले, “बघ, दुकानातल्यासारखं झालंय म्हणजे चांगलंच झालंय की.”

आईला काही ते पटलं नाही. “एकदा तरी कुणी विचारावं,” ती म्हणाली, “की बाई, हे तू कसं केलंस?”

एवढीच तिची मागणी होती. बक्षीस नको, पैसे नकोत. कुणीतरी बाहेरच्या माणसाने तिचं काम बघून तिला विचारावं. आमचे वडील माणूस म्हणून चांगले होते, पण त्यांच्या लेखी या सगळ्याला एकच शब्द होता, ‘पसारा’. संध्याकाळी दमून आले की दारातूनच म्हणायचे, “तो पसारा जरा बाजूला घे, बसू दे मला.” आई बाजूला घ्यायची. मी मात्र मुद्दाम एखादा तुकडा त्यांच्या खुर्चीवर राहू द्यायचे.

त्या वर्षी वडिलांना गणपतीत गावी जायला रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही पहिल्यांदाच भुईगावात दीड दिवसाचा गणपती आणला. आईच्या उत्साहाला तर ऊतच आला. सगळीकडे थर्माकोलची मखरं मिळत होती. तिने ठरवलं, आपण कैलास पर्वत करायचा, कागदाचा. मग काय, महिनाभर घरात बादल्याच बादल्या. वर्तमानपत्रं भिजत घातलेली, कुजकट वास सुटलेला, वडील नाकाला रुमाल लावून चहा घेताहेत. भिजलेला कागद कुटून त्याचा लगदा केला, त्यात मेथीची पूड आणि खळ घातली. खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. काठ्यांच्या सांगाड्यावर तो लगदा थापून तिने असा काही डोंगर उभा केला की कड्यांच्या खाचा, ओघळ, पायथ्याचे दगड, सगळं खरं वाटावं. उरलेल्या लगद्याचा नंदी झाला. बसलेला, पुढचा एक पाय किंचित उचललेला, डोळे अर्धवट मिटलेले. आईने त्याला पांढराशुभ्र रंगवला. पूजेच्या दिवशी गणपतीसोबत नंदीलाही हळदकुंकू लागलं. पहिलं बोट आईनेच टेकवलं, मग आलेल्या प्रत्येक बाईने.

मावशी मोदक खायला आल्या त्या डोंगरापाशीच उभ्या राहिल्या. बोटाने टकटक करून बघितलं. मग आईला म्हणाल्या, “वहिनी, हा डोंगर पान्यात सोडू नका हां. नाताळला मला द्या.”

वाडीतल्या प्रत्येक ख्रिस्ती घरात नाताळला गोठा मांडतात, बाळ येशूच्या जन्माचा देखावा. गावातली तरुण मंडळी त्याची स्पर्धा ठेवायची. परीक्षक घरोघर जाऊन गोठे बघायचे. मावशी दर वर्षी त्यात भाग घेत आणि दर वर्षी समोरच्या गल्लीतल्या त्यांच्या जावेचा नंबर लागे. या गोष्टीचं मावशींना किती वाटायचं हे त्या बोलून दाखवत नसत. नाताळनंतर आठवडाभर जावेकडे जाणं बंद, एवढंच.

तर कैलास चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला आणि डिसेंबरात खाली उतरून बेथलेहेमचा डोंगर झाला. आईने त्याच्यावरचा निळसर बर्फ काढून टाकला, मातकट रंग दिला, पायथ्याशी गवत चिकटवलं, वर पुठ्ठ्याची चांदणी टांगली. गंगेचा ओघळ होता, त्याची पायवाट केली. मावशींनी ट्रंकेतून मातीच्या मूर्ती काढल्या. मारिया, योसेफ, मेंढपाळ सगळे शाबूत, पण बैलाची मान मोडलेली. गोठा आहे आणि बैल नाही, असं कसं चालेल?

“आमचा नंदी आहे ना,” आई म्हणाली.

दोघींनी मिळून नंदीच्या गळ्यातली घुंगुरमाळ सोडली. कपाळावर कुंकू होतं, ते आईने ओल्या फडक्याने पुसलं आणि वरून पांढऱ्या पोस्टर कलरचा हात मारला. मग तो कुठे बसवायचा यावरून जुंपली. आईने त्याला सरळ बाळाच्या समोर बसवला, बाळाकडे तोंड करून.

“अहो वहिनी, लोकांना त्याचं शेपूटच दिसेल!”

“नंदी देवाकडेच बघतो, ताई. दुसरीकडे तोंड करून बसवायला माझा हात होणार नाही.”

“तो आता नंदी नाय, बैल हाय.”

शेवटी तो तिरका बसला. डोळे बाळाकडे, अंग लोकांकडे. दोघींचंही समाधान झालं.

आणि मग मला कळलं की स्पर्धेचा नियम आहे: गोठा घरच्या माणसांनीच केलेला पाहिजे. प्रत्येक गोठ्यापुढे पुठ्ठ्याची पाटी, तिच्यावर कुटुंबाचं नाव. म्हणजे डोंगर आईचा, बैल आईचा, चांदणी आईची, आणि पाटीवर मावशींच्या यजमानांचं नाव! माझा तिळपापड झाला. आईला म्हटलं, “तू काही बोलणार नाहीस?”

“गप्प बस. लोक बघतील ना? तेवढं पुरे झालं.”

पण परीक्षक यायचे त्या संध्याकाळी तिने कपाटातली साडी काढली. केसांत शेवंतीची वेणी माळली. पुरे झालं म्हणे!

परीक्षक तिघे होते. गावात नव्यानेच आलेले फादर, एक वयस्क बाई आणि आगाशीकडचे एक चित्रकलेचे मास्तर. त्यांच्यामागे निम्मी गल्ली, त्यात मावशींची जाऊही. आई गर्दीच्या अगदी मागे, विहिरीच्या कठड्यापाशी. मी तिच्या शेजारी. गोठ्यात बल्ब लावला होता, त्याच्या उजेडात डोंगर असा देखणा दिसत होता की मागची माणसं पुढे सरकायला लागली. मास्तर वाकले, डोंगराला हात लावला, मान हलवली. मग ते बैलापाशी थबकले. चष्मा वर केला.

“या बैलाला कुंकू कोणी लावलं?”

मी टाचा उंचावून बघितलं. नंदीच्या कपाळावर, पांढऱ्या रंगातून, लालभडक कुंकू वर आलं होतं. आईने पुसलं होतं, पण लगद्याने ते आधीच पिऊन घेतलं होतं. वरचा रंग ओला असतानाच ते वर चढलं असणार. सकाळी फिकट गुलाबी असेल, बल्बच्या गरमीने चांगलंच फुललं. बेथलेहेमच्या गोठ्यात, बाळ येशूसमोर, आमचा नंदी कुंकू लावून बसला होता.

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसायला लागले. मावशींचे यजमान घाईघाईने म्हणाले, “रंग सांडलाय, बाकी काही नाही.”

आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या मला रुतल्या. ती घराकडे वळलीच होती.

“रंगबिंग काय नाय सांडला,” मावशी पुढे आल्या. जावेसमोर, फादरसमोर, अख्ख्या गल्लीसमोर. “कुंकूच हाय ते. बैल आमच्या वहिनींनी केलाय. त्यांच्या गनपतीपुढं बसत होता. डोंगर पन त्यांचा, चांदनी पन त्यांची. आमच्या घरात कोनाला साधी पतंग चिकटवता येत नाय.”

मास्तर जरा अडखळले. “मग तुम्हाला स्पर्धेत धरता येणार नाही.”

“नका धरू,” मावशी म्हणाल्या. मग गर्दीवरून हाक मारली, “वहिनी! या इकडं. मागं काय लपून बसलात?”

दर वर्षीची ती चुरस त्या बाईने चारचौघांत अशी सोडून दिली. आज त्या वयाला मी पोचले आहे, तरी मला ते जमेल असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आई पुढे गेली. मला वाटलं होतं ती रडेल, निदान खाली तरी बघेल. मास्तरांनी विचारलं, “बाई, हे तुम्ही कसं केलंत?” आणि आई बोलायला लागली. लगद्यात मेथी का घालायची, खळ किती पातळ हवी, कड्याच्या खाचा तिने मोडक्या फणीने कशा ओढल्या, सगळं. पदर खोचून, हातवारे करून. मास्तर मधेच काही विचारायचे, ती तडक उत्तर द्यायची. ते म्हणाले, “कुंकवाचं काय झालं मग?” तर म्हणाली, “चूक झाली. आधी वार्निशचा हात द्यायला हवा होता, म्हणजे दबलं असतं. घाई केली मी.” लाजणं नाही, माफी नाही. एखाद्या गवंड्याने भिंतीबद्दल बोलावं तसं. मी तिला तशी बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. मी उगाचच शेजारच्या मुलीला सांगितलं, “माझी आई आहे.” तिला ते माहीत होतंच.

आई कपाळावरचा डाग पुन्हा रंगवायला निघाली तर फादर हसून म्हणाले, “राहू द्या. छान दिसतोय.”

बक्षीस अर्थातच जावेच्या गोठ्याला मिळालं. पण माणसं आली ती मावशींकडे. भुईगावातली आली, शेजारच्या गावांतली आली. कुंकवाचा बैल बघायचाय म्हणून यायची आणि डोंगरापुढे उभी राहायची. पुढच्या आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांत, तर दोन घरांतून आईला लगदा शिकवायला बोलावणं आलं, आणि त्यातलं एक घर मावशींच्या जावेचं होतं.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी परीक्षक गेल्यावर मावशींनी स्केचपेन आणलं आणि पाटीवर यजमानांच्या नावाखाली आईचं नाव लिहिलं. उभ्या आयुष्यात आईचं नाव असं बाहेर कुठे लागलं नव्हतं. आईने पाटी उचलली, हातभर लांब धरून बघितली.

“ताई, किती वाकडं लिहिलंत हो!”

आणि तिने तिथेच जमिनीवर बसकण मारली, पाटी उलटी केली, पट्टीने रेघा आखल्या आणि पुन्हा सगळं लिहिलं. मावशींच्या यजमानांचं नाव नीट, एका ओळीत. त्याखाली स्वतःचं नाव, शाई भरून, सावली देऊन, त्याच्याहून मोठं. मावशी बघत राहिल्या आणि खदखदून हसल्या. “घ्या, अजून मोठं करा!”

वडील नेहमीच्या बसने आले तेव्हा गोठ्यापुढे अनोळखी माणसं उभी होती. वडील त्यांच्यामागे थांबले. पिशवी खांद्याला तशीच. त्यांनी डोंगर बघितला, बैल बघितला, पाटी वाचली. मला वाटतं दोनदा वाचली. त्या माणसांपैकी एकाने मागे वळून विचारलं, “तुम्ही या घरातले का?”

“नाही,” वडील म्हणाले, आणि पाटीवर आईच्या नावाखाली बोट ठेवलं. “मी यांचा नवरा.”

मी धावत घरात गेले. आई त्याच साडीत भाकऱ्या थापत होती. मी धापा टाकत तिला सांगितलं, वडील असं असं म्हणाले म्हणून. तिने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला.

“मग?” ती म्हणाली. “खोटं काय बोलले?”