उणे शून्य आणि तुळशीच्या लग्नाच्या चकल्या

तमाम नागरिकांस कळविण्यात येते की, नाशिक रोडच्या एका साध्यासुध्या इमारतीत एकदा उणे शून्य हा आकडा प्रत्यक्ष प्रकट झाला होता, आणि तो प्रकट करणारी मी होते. कृपया उभे राहावे. बसलात तरी चालेल.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. घरात नुकताच कॉम्प्युटर आला होता. मी क्लासला जावास्क्रिप्ट शिकत होते आणि शिकलेलं सगळं घरच्यांवर करून बघत होते. अशात सासूबाई आणि तळमजल्यावरच्या काकूंची पैज लागली. तुळशीच्या लग्नाला अख्ख्या इमारतीच्या चकल्या एकाच घरी तळायची आमच्याकडे पद्धत. तळणारीच्या कपाळावरून इगतपुरीच्या पावसासारख्या धारा लागत. ठरलं असं की दिवाळीच्या फराळानंतर जिचं वजन जास्त वाढेल, तिनं तळायच्या. बरोबरी झाली तर दोघींनी, आमच्या स्वयंपाकघरात. म्हणजे सोऱ्या माझ्याच हातात येणार, हे उघड होतं.

मी ऐटीत एक पान तयार केलं. आधीचं वजन, आताचं वजन, खाली फरक.

"फरक किलोतच दाखव," सासूबाईंनी बजावलं. "ग्रॅम भाजीला असतात. माणसं किलोत मोजायची!"

काकूंनी मान डोलावली. नियम पक्का.

निकालाच्या दिवशी बायकांनी आमची बैठकीची खोली भरली. काट्यावर आधी काकू चढल्या. तीनशे ग्रॅम वाढल्या होत्या, पडद्यावर आलं ०. मग सासूबाई. चारशे ग्रॅम घटल्या होत्या, पडद्यावर आलं -०.

"मायनस!" सासूबाईंनी काट्यावरूनच काकूंकडे बघत हात वर केले. "माझं मायनस आहे! वहिनी, कढई काढा!"

"शून्याला कसलं आलंय मायनस?" काकू उसळल्या. "तुमच्या सुनेनं केलेलं पान, तुमच्याच बाजूनं बोलणार!"

आता आळ माझ्यावर आला. मी खुर्चीवर ताठ बसून समजावलं, "काकू, यात लबाडी नाही. उत्तर उणे पॉइंट चार आलं. मी ते पूर्ण किलोत छापायला सांगितलं, तर कॉम्प्युटरनं चार गिळला आणि पुढचं मायनस तसंच ठेवलं. या भाषेत उणे शून्य खरंच असतं. पण साध्या शून्याशी ताडून बघायला सांगितलं, तर दोन्ही सारखेच म्हणते."

"सारखेच ना?" काकू म्हणाल्या. "मग ते मायनस पूस."

सगळ्यांसमोर पुसलं. छापण्याआधीच आकडा पूर्णांक करून घेतला आणि वर त्यात शून्य मिळवलं. उणे शून्यात साधं शून्य मिळवलं की मायनस निमूट निघून जातं. पान पुन्हा उघडलं. ०. ०.

"बरोबरी!" काकू टाळ्या पिटत म्हणाल्या. "चला, दोघींनी तळायच्या!"

मी मनातल्या मनात सोऱ्या शोधायला लागले. सासूबाई मात्र अजून काट्यावरच होत्या. त्यांनी एकदा खाली काट्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि भर सभेत माझ्यावर ओरडल्या, "अगं, आधी माझे चारशे ग्रॅम परत दे!"