चेस्टनटखाली काही नाही

नवऱ्याने मेटल डिटेक्टर घेतला की बायकोला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. ते आपले आपण गळ्यात येऊन पडतात. लेस्टरजवळच्या आमच्या गावात कुणाकडेही पोहे खायला बसलो, की पहिला घास तोंडात जायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ते पोलिसांचं सांग ना." मग मी सांगते. मिलिंद खाली मान घालून पोहे खातो.

सुरुवात मात्र अजिबात गमतीची नव्हती. मिलिंदची नोकरी गेली. इकडे त्याला रिडंडंट केलं म्हणतात, म्हणजे माणसाला धड रडताही येत नाही. दोन महिने हा सोफ्यावर. दाढी नाही, बोलणं नाही. एकदा वझे काकू डबा घेऊन आल्या, तर त्यांच्यासमोरच म्हणाला, "आता माझं काही खरं नाही."

काकू ताडकन म्हणाल्या, "घरात असं अभद्र बोलू नये रे! वास्तू तथास्तु म्हणत असते."

वझे काकू आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहतात, दुसऱ्या मजल्यावर, बरोबर पार्कसमोर. काका गेल्यापासून एकट्याच. ग्लासगोचा मुलगा दर रविवारी फोन करून सांगतो, "आई, फ्लॅट विक आणि इकडे ये." काकूंचं उत्तर ठरलेलं. "माझी वास्तू इथे आहे. मी हलणार नाही."

पुढच्या आठवड्यात मिलिंदने ते मशीन मागवलं. नोकरी नाही आणि हे काय नसतं खूळ, म्हणून मी डोक्याला हात लावला. पण मशीन आलं त्या दिवशी त्याने दाढी केली. मग मी तोंड मिटलं.

*

पहिल्याच सकाळी पार्कमध्ये शिरतो न शिरतो तोच मागून हाक आली. पिवळं जॅकेट, साठीचं वय, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ही जीन, आमच्या पार्कची वॉर्डन. जीनने आयुष्यात एक नियम मोडलेला नाही आणि दुसऱ्याला मोडू दिलेला नाही.

"मशीन बंद करा. कौन्सिलच्या लेखी परवानगीशिवाय इथे काही चालणार नाही."

मिलिंद गोंधळला. "पण हे पब्लिक पार्क आहे ना?"

"हो. म्हणूनच तुम्हाला खणता येणार नाही."

मला धक्काच बसला. आपल्याकडे पब्लिकचं म्हटलं की कुणीही काहीही करावं असा अर्थ होतो. इथे नेमका उलटा. पुढे तीन ईमेल, एक फोन आणि इन्शुरन्सचा कागद झाल्यावर परवानगी मिळाली. फक्त रविवारी सकाळी. वीतभरच खोल. निघालेला कचरा आपण घरी न्यायचा. प्रत्येक खड्डा होता तसा बुजवायचा, वरची हिरवळसुद्धा. आणि एक जरी नियम मोडला तर परवानगी रद्द.

ती रद्द झाली तर माणूस परत सोफ्यावर, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी दर रविवारी थर्मास घेऊन त्याच्याबरोबर जायला लागले. पहारेकरीच म्हणा.

काकूंना आमच्या या खणण्याचा फार उत्साह. चेस्टनटच्या झाडासमोरची आपली खिडकी उघडून वरून ओरडायच्या, "मिलिंद, तळ्याकडे जा हो! चेस्टनटखाली काही नाही." मला वाटायचं, म्हातारीला विरंगुळा मिळाला.

*

तळ्याकडे काय होतं? रिंगपुल. कोल्ड्रिंकच्या कॅनवरची ती कडी. मशीन जीव खाऊन किंचाळतं, मिलिंदचे डोळे चमकतात, गुडघे टेकून हिरवळ अलगद उचलली जाते, आणि निघते रिंगपुल. या देशात माणसं काहीही करोत, कॅन मात्र भरपूर पितात. पुढे पुढे मशीन वाजलं की मीच न बघता सांगायचे, "रिंगपुल."

एका रविवारी कुत्रं फिरवणाऱ्या एक बाई तणतणत आल्या. "तुम्ही आमचा इतिहास चोरताय!"

मिलिंदने कमरेची पिशवी उघडून त्यांच्यासमोर धरली. "घेऊन जा," तो म्हणाला. बाईंनी आत डोकावलं आणि कुत्र्याला ओढत निघून गेल्या.

*

आता ते पोलिसांचं. कुणीतरी फोन केला होता की पार्कमध्ये एक इसम जमिनीत काहीतरी पुरतोय. इसम कुठल्या रंगाचा ते सांगितलं होतं का, हे मी विचारलं नाही. पण गाडी दिवे लावून आली. मिलिंद गुडघ्यांवर, हातात खुरपं, समोर खड्डा, आणि दोन पोलीस डोक्यावर उभे.

"सर, खड्ड्यात काय आहे?"

"अजून माहीत नाही," मिलिंद म्हणाला. यापेक्षा वाईट उत्तर कुणाला सुचलं असतं तर सांगा.

तेवढ्यात जीन तरातरा आली. मला वाटलं, संपलं. तर ती मिलिंदकडे बोट दाखवून पोलिसांना म्हणते, "याच्याकडे परवानगी आहे. तुमची गाडी मात्र गवतावर आहे."

पोलिसांनी आधी गाडी मागे घेतली. खड्ड्यातून रिंगपुल निघाली. डॅरन नावाचा तरुण पोलीस जाता जाता हळूच विचारतो, "हे मशीन साधारण कितीला पडतं?" पुढच्या महिन्यात तोही परवानगी काढून रविवारी हजर!

*

हॅमस्टरचं, म्हणजे इथली मुलं पाळतात त्या उंदरासारख्या इवल्या जनावराचं, मात्र मला अजून वाईट वाटतं. झोपाळ्यांच्या मागे मशीन वाजलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. मिलिंद हरखला, नाणी असणार म्हणाला. झाकण उघडलं तर आत कापूस आणि कापसात ते बिचारं. त्याच वेळी झोपाळ्यावरची एक छोटी मुलगी इकडे वळली आणि किंचाळली, "बिस्किट!" हॅमस्टरचं नाव ते होतं.

मी शरमेने अर्धी झाले. मिलिंद सारखा सॉरी म्हणत डबा परत ठेवायला वाकला, तर जीनचा हात मध्ये आला.

"पार्कमध्ये काहीही पुरायला बंदी आहे," ती मुलीच्या वडिलांना म्हणाली. "प्राणीसुद्धा. घरी घेऊन जा."

मुलगी हुंदके देतेय, बाप डबा काखेत मारून चाललाय, आणि जीन खड्डा नीट बुजला का ते बघतेय. दगडाचं काळीज आहे बाईचं, असं मी घरी येईपर्यंत बडबडत होते. संध्याकाळी काकूंना सांगितलं तर त्यांचा चेहरा एवढासा झाला. "उकरून काढायला लावलं?" त्यांनी दोनदा विचारलं.

*

आणि मग तो रविवार. काकू मेथी आणायला बेलग्रेव्ह रोडला गेल्या होत्या, त्यामुळे खिडकी बंद. मिलिंद म्हणाला, तळ्याला कंटाळलो, आज चेस्टनटकडे जातो.

मशीनचा आवाज वेगळाच आला. चार बोटं खोल एक तांब्याची डबी होती, हिरवी पडलेली. आत सोन्याच्या पत्र्याचा माणूस, अंगठ्याएवढा, पालथा झोपलेला. शेजारी एक पोवळं, एक मोती आणि काळे पडलेले दाणे.

मिलिंदने डबी उन्हात धरली. "रोमन असणार," तो कुजबुजला. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. खजिना सापडला की सरकारला कळवावं लागतं, म्हणून त्याने फोन काढला. डॅरन मशीन टाकून धावत आला. जीनसुद्धा वाकून बघायला लागली. मी मात्र त्या पालथ्या माणसाकडेच बघत राहिले. असा पालथा माणूस मी आमच्या पुण्याच्या घराच्या वास्तुशांतीला पाहिला होता.

मागे धप्प आवाज झाला. मेथीच्या पिशव्या जमिनीवर, आणि काकू.

"मिलिंद, अरे, तो माझा वास्तुपुरुष आहे."

काकू इंग्लिशमध्ये जीनला सांगायला लागल्या. नवं घर घेतलं की त्याच्या आग्नेय कोपऱ्यात हा पुरायचा असतो, मग तो घर राखतो. दुसऱ्या मजल्यावर माती कुठून आणणार? खाली कार पार्क. आग्नेयेला पहिली माती लागते ती या झाडाखाली. "माझ्या मिस्टरांनी होकायंत्र धरलं, मी उलथन्याने खणलं. ते गेले. हा आहे म्हणून मी त्या घरात एकटी राहू शकते. याला काढलात, तर मला ग्लासगोला जावंच लागेल." आणि काकू रडायला लागल्या. भर पार्कात, पदर तोंडाला लावून.

मी जीनकडे बघितलं. मला हॅमस्टर आठवलं. मिलिंदने फोन खिशात ठेवला आणि डबी काकूंपुढे धरली. काकू घेईनात. "मला हातात नको रे, जमिनीत हवाय," म्हणाल्या.

जीनने मिलिंदकडे हात पुढे केला. "परवानगी दाखवा."

झालं, मी मनात म्हटलं. डबीही गेली आणि परवानगीही. जीनने चष्मा लावून सगळा कागद वाचला. मग काकूंना विचारलं, "मॅडम, हा कचरा आहे का?"

"कचरा?" काकूंचं रडणंच थांबलं. "काय बोलता तुम्ही!"

"कचरा असेल तर घरी न्यायचा. नसेल, तर खड्डा होता तसा करायचा. असा नियम आहे," जीन म्हणाली आणि मिलिंदकडे वळली. "होता तसा. हिरवळसुद्धा."

मिलिंद गुडघ्यांवर बसला. "काकू, तोंड खालीच ना?"

"खालीच. आणि डोकं त्या बाजूला."

मातीवर त्याने हिरवळ इतकी बेमालूम बसवली की जीनलासुद्धा पायाने चाचपून बघावं लागलं.

पुढच्या रविवारी एक नवीन मनुष्य मशीन घेऊन आला होता, परवानगीवाला. सरळ चेस्टनटखाली गेला. मशीन किंचाळलं. तो खुशीत खाली वाकला. वरची खिडकी खाडकन उघडली. मिलिंदने माझ्याकडे बघितलं, मी डॅरनकडे.

जीन बाकावर सँडविच खात बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "रिंगपुल."