पाइप सोडायची भीती

मुलुंडच्या एका स्विमिंग पूलवर एकोणीस वर्षं बायकांची सकाळची बॅच घेतेय. एवढ्या वर्षांत क्लोरीनने केसांची वाट लागली, गुडघे गेले आणि डोक्यात नको इतके किस्से साठले. बहुतेक सगळे घाबरण्याचे. खरं सांगू, आता कंटाळा येतो. रोज तेच "मॅडम, मला धरा ना", रोज तीच माझी शिट्टी. पण किस्से काही पाठ सोडत नाहीत. एक सांगायला घेतला की दुसरा आपणहून येऊन उभा राहतो.

*

आमच्या पूलला काठाने स्टीलचा पाइप आहे. कुलकर्णी मॅडम पहिल्या दिवशी पाण्यात उतरल्या, तो पाइप दोन्ही हातांनी धरला आणि बावीस दिवस सोडला नाही. बँकेत ऑफिसर बाई. अख्खी ब्रँच त्यांना टरकते म्हणे! रोज वेळेवर यायच्या, कॅप, गॉगल सगळं झकास, आणि तासभर पाइप धरून उभ्या.

एक दिवस मी वैतागले. "अहो, पाणी छातीपर्यंत आहे. नुसत्या उभ्या राहिलात तरी बुडणार नाही."

त्या शांतपणे म्हणाल्या, "बुडायची भीती नाहीये हो मला. हात सोडायची आहे."

तेविसाव्या दिवशी त्यांना जोरात शिंक आली. दोन्ही हात नाकाकडे गेले! शिंकून झाल्यावर त्यांनी आधी हातांकडे पाहिलं, मग पाइपाकडे, आणि पूलभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "मॅडम, मी उभी आहे!"

*

पन्नाशीच्या एक बाई फॉर्म घ्यायला आल्या. सगळा फॉर्म नीट भरला आणि खालच्या ओळीवर अडल्या. "मिस्टरांची सही लागेल का?"

"पोहायला तुम्हीच येणार ना?"

"हो, मीच. पण भीती त्यांना वाटते ना!"

*

याच्या उलट एक कांजूरमार्गचा तरुण. जिममध्ये कमावलेलं शरीर. रविवारच्या मिक्स बॅचला आला. सूचनांच्या बोर्डाकडे ढुंकून बघितलं नाही. "गावच्या विहिरीत लहानपणापासून उड्या मारतोय मॅडम, मला काय सांगता!"

मी शिट्टी तोंडाला लावेपर्यंत त्याने सूर मारला. कमरेएवढ्या पाण्यात! हनुवटीला सात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, मान वाचली हे नशीब. त्या दिवशी घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

दोन महिन्यांनी तो परत आला. शिडीची एकेक पायरी उतरला आणि गपचूप पाइप धरून उभा राहिला. शेजारी सत्तरीच्या एक आजी तोच पाइप धरून होत्या. जरा सरकल्या आणि म्हणाल्या, "ये बाळा, इथे जागा आहे!"

*

आमचा लाइफगार्ड पास्कल मढचा कोळी. वाडवडील मासेमारी करणारे. एकदा त्यांच्याकडे शूटिंगवाले आले होते. हिरोऐवजी खडकावरून समुद्रात उडी मारणारा माणूस हवा होता. पास्कल खडकावर गेला, पाच मिनिटं पाण्याकडे बघत बसला, आणि खाली येऊन म्हणाला, "नाय मारनार."

"काय रे, कोळी असून घाबरतोस?"

"कोळी हाय म्हणून घाबरतो."

दुसरा कोणी तयार होईना. शेवटी तो सीन एका स्विमिंग पूलमध्ये घेतला. आणि सेफ्टीसाठी कोणाला बोलावलं? पास्कललाच!

*

एक किस्सा हसण्यासारखा नाही, तरी सांगते. आमच्या बॅचमध्ये सगळ्यात चांगलं पोहणारी बाई होती. तिच्याकडे मी कधी बघायचेच नाही. हिला काय होणार! तिला डायबेटिस होता, आणि त्या दिवशी ती रिकाम्या पोटी आली होती. हाक नाही, हातपाय मारणं नाही. पाण्यातच चक्कर आली आणि ती खाली गेली. मला दिसली ती केवळ तिची पिवळी कॅप एकटीच तरंगत होती म्हणून. मी आणि पास्कलने ओढून काढली. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न, "माझी कॅप कुठेय?" सगळ्या हसल्या. मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडले.

तेव्हापासून मी डोकी मोजते. दर दोन मिनिटांनी. भाचीच्या लग्नात पंगत बसली तरी माझे ओठ हलत होते. नवरा कानाशी येऊन म्हणाला, "अगं, ते जेवतायत. बुडत नाहीयेत!"

हसले मी. पण ती पंगत पुरी मोजली. बाकीच्या बायकांची भीती घालवते, ही मात्र मी जपून ठेवलीय.

*

सावंतकाकू मालवणकडच्या. तेरा वर्षांच्या मुलीला, ऋतुजाला, घेऊन यायच्या. पोरगी झकास पोहायची, पण काकू काठावरच्या बाकावरून सारख्या ओरडायच्या, "गो, खोल जाव नको! गो, हंय ये!" त्यामुळे ती बिचारी बाकासमोरच्या पट्ट्यातच गोल गोल फिरायची.

शेवटी मी म्हटलं, "काकू, तुम्ही उद्यापासून बाहेर बसा."

काकूंचा चेहरा उतरला. "बाई, माझो धाकटो भाव गावच्या तळ्यात बुडालो. दहा वर्षांचो होतो. मी काठार होतंय. पाणी बघला की अजून हातपाय गार पडतत."

मी थकलेली होते, त्या भरात बोलून गेले, "मग तुम्हीच उतरा."

मला वाटलं, उद्यापासून दोघी यायच्या बंद होणार. दुसऱ्या दिवशी काकू नवा कॉस्च्युम घेऊन हजर!

सात महिने लागले. पहिला महिना तर त्या पायरीवर बसून नुसते पाय बुडवायच्या. ऋतुजा बाजूला बसायची. मग कमरेएवढं पाणी, मग तरंगणं, मग पूलची रुंदी. आणि एका सकाळी खोल भागात उडी मारायची पाळी आली. दहा फूट पाणी. बॅचच्या सगळ्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. काकूंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. पाण्याकडे बघून काहीतरी पुटपुटल्या आणि मारली उडी!

वर आल्या. आम्ही पुन्हा टाळ्या. मी म्हटलं, "शाब्बास! आता काठाकडे या."

काकू काठाकडे आल्याच नाहीत. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि स्वतःहून परत खाली गेल्या. असं खाली जायला मी शिकवलंच नव्हतं! मी मोजायला लागले. पाच, सहा, सात. पास्कल खुर्चीतून उठला. दहा, अकरा. तो उडी टाकणार तेवढ्यात काकूंचं डोकं वर आलं. धापा टाकत त्यांनी काठ धरला.

मी ओरडलेच. "काय करत होतात खाली?"

"तळाक हात लावन इलंय."

"कशाला पण?"

काकूंनी तोंडावरचं पाणी पुसलं. "भावाच्या हाताक शेवटाक काय लागला आसात, ता बघूचा होता."

काकू शिडीने वर आल्या, केस पिळले आणि ऋतुजाच्या हातातून टॉवेल घेतला.

"चल गो," त्या म्हणाल्या, "शाळेची येळ झाली."