शेवटच्या डब्याची लावणी

मैना जिंतूरकरीण कशी नाचते हे मी पहिल्यांदा पाहिलं ते एका सहा फूट उंच, झुपकेदार मिशांच्या रेल्वेच्या माणसात. सकाळचे आठ वाजले असतील. लग्न होऊन पूर्णा स्टेशनामागच्या चाळीत येऊन मला चारच दिवस झाले होते. घागर घेऊन दाराबाहेर आले, तर समोरच्या अंगणात हा गृहस्थ एक हात कमरेवर ठेवून, दुसऱ्या हाताने हिरवी झेंडी पदरासारखी डोक्यावर घेऊन चक्क लाजत होता. पुढ्यात चाळीतल्या चारपाच बायका ज्वारीची सुपं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कुणी हसत नव्हतं. सगळ्या मन लावून बघत होत्या. मी घागर तिथंच टेकवली आणि घरात पळाले.

हेच झेंडीमामा, रेल्वेत सांधेवाले होते. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते बघून सांधे बदलायचे आणि गाडी सुटताना झेंडी धरून उभं राहायचं, हे त्यांचं काम. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कानावर पडायचं, एरवी लहानथोर सगळे झेंडीमामाच म्हणत. हिंगोलीकडे जाणारी गाडी पूर्णेलाच बदलावी लागते, त्यामुळे तमाशाचे फडही कधी ना कधी आमच्या फलाटावर उतरायचे. कोणता फड कुठल्या जत्रेला निघाला आहे याची खबर स्टेशनमास्तरांच्या आधी मामांना असायची.

मामा बाकीच्यांचे तमाशे पाहत नसत असं नाही, पण भक्ती एकीवरच. मैना गंगाखेडला असली की हे पास काढून गंगाखेडला. जिंतूरकडे रेल्वे नाही, तर बैलगाडीत, नाही तर पायी. त्यासाठी ते दुसऱ्यांच्या पाळ्या करायचे. दिवाळीची, पोळ्याची, कुणाच्या घरी बारसं असलं तर त्याची. वर्षभर अशा पाळ्या साठवून ठेवायचे आणि मैनेची बारी, म्हणजे रात्रीचा खेळ, लागली की एकेक परत घ्यायचे. एक मात्र होतं. तमाशाहून आलेला माणूस घरात चोरासारखा शिरतो, मामा मात्र समोरच्या दाराने, खाकरत यायचे. चहा घ्यायचे, मिशा पुसायचे आणि अंगणात येऊन रात्रीची सगळी बारी चाळीतल्या बायकांना करून दाखवायचे.

त्या काळी बायकांनी तमाशाला जायची बातच नव्हती. पुरुष रात्ररात्र बसून यायचे आणि सकाळी विचारलं तर म्हणायचे, ‘‘काय न्हाई, होतं आपलं नाचगाणं.’’ मामांना हा अन्याय वाटायचा. ते म्हणत, ‘‘आमी डोळे भरून बघायचं अन् ह्यांनी निस्त्या भाकरी थापायच्या, हे बराबर न्हाई.’’ मग ढोलकीचे बोल तोंडाने, तुणतुणं नाकाने आणि मैना सर्वांगाने. हिरवी झेंडी म्हणजे पदर. मैना रुसली की कमरेची लाल झेंडी बाहेर यायची. आठ दिवसांत मीही सूप घेऊन पुढच्या रांगेत जाऊन बसले.

त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा होता. ‘‘मी एक अक्षर पदरचं घालीत न्हाई,’’ असं ते दर वेळी सुरुवातीलाच सांगत. ‘‘मैनानं जे केलं तेच. कमी न्हाई, ज्यास्ती न्हाई.’’ आणि हे खरंही असावं, कारण त्यांच्या परीक्षेला मामी बसलेल्या असायच्या.

मामी म्हणजे त्यांची बायको, मेंढरं राखणाऱ्या घरातली लेक. शंभर मेंढरांत आपलं कोकरू कुठलं ते अंधारात ओळखायच्या, तर नवऱ्याचं चुकलेलं पाऊल ओळखणं काय अवघड? ‘‘अवं, मागल्या खेपेला ही गिरकी डाव्या पायावर व्हती,’’ म्हणून त्या मधेच थांबवायच्या. मामा क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, ‘‘खरंय. डाव्याच पायावर.’’ मग पहिल्यापासून सुरू.

अशाच एका सकाळी मैनेची निरोपाची लावणी चालली होती. नवरा परगावी निघालेला, बायको वेशीपर्यंत पोचवायला आलेली. आदल्या रात्री मामा दोन पाळ्या लागोपाठ करून बारीला गेले होते आणि डोळे तारवटलेले होते. लावणी शेवटाला आली तशी त्यांनी पदराचा हात लांब केला आणि दूर जाणाऱ्या नवऱ्याच्या मागे मान डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश नेली. हात तसाच. नवरा पार दिसेनासा होईपर्यंत मान चालत राहिली आणि मग तो पदर मनगटाभोवती हळूहळू गुंडाळला गेला. माझ्या तर अंगावर काटा आला.

शेजारी फातिमाबी बसली होती, इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनची बायको. ती एकदम म्हणाली, ‘‘अगे मामी, ये तो गाडी छोडते सो इशारा है!’’

मामींनी सूप खाली ठेवलं. ‘‘हे तिचं न्हाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे तुमच्या ड्यूटीचं हाय. तुमाला तिथं डुलकी लागली असंल.’’

‘‘मैनाचंच हाय,’’ मामा म्हणाले. ‘‘एक अक्षर पदरचं न्हाई.’’

‘‘मग दाखवा मला.’’

‘‘दाखवलं की आता.’’

‘‘तुमी न्हाई. तिला करताना दाखवा.’’

मामांचा चेहरा पडला. दुसरा कुणी असता तर हसण्यावारी नेलं असतं. पण मामींचा विश्वास हीच त्यांची सगळी मिळकत होती. त्यानंतर दोन महिने मामांनी अंगणात बारी केली नाही. मैनेचा फड येऊन गेला तरी घसा बसल्याचं सांगितलं. दुसऱ्या बायकांनी विचारलं की मामी म्हणायच्या, ‘‘आता आपल्याला खरं काय अन् खोटं काय, कसं कळावं?’’ हे मामांना उपाशी ठेवल्यापेक्षा जास्त लागायचं. शेवटी एका संध्याकाळी ते अंगणात येऊन म्हणाले, ‘‘नदीपल्याड जत्रंत मैनाची बारी हाय. चला समद्या. काय व्हायचं ते हून जाऊ द्या.’’

मामींच्या भावाची बैलगाडी आली. तिला तिन्ही बाजूंनी घोंगड्या बांधल्या आणि आत आम्ही पाचजणी कोंबून बसलो. आमचे हे रात्रपाळीला होते, म्हणून मला धीर झाला. फातिमाबीचा बुरखा मात्र आमच्या पाचजणींत पुरवून पुरवून वापरावा असं प्रत्येकीला वाटत होतं. जत्रेत पोचल्यावर मामांनी गाडी बारीच्या कडेला, कनातीला लागून उभी केली. गाडीत बसलं की कापडावरून सगळं दिसायचं. पण बैल बुजू नयेत म्हणून कासरा धरून कुणीतरी खाली उभं राहायला हवं होतं. मामा उभे राहिले. सहा फूट असले तरी कनात त्यांच्या डोक्यावरून चार बोटं वर होती. आयुष्यात पहिल्यांदा मैना नाचत होती आणि मामांना ती दिसत नव्हती.

घोंगडीच्या फटीतून आम्ही पाहिलं. गॅसबत्तीच्या उजेडात मैना आली आणि मी हिरमुसलेच. मामांची मैना उंच होती. ही माझ्या खांद्याला लागेल एवढी, जरा स्थूल, गालात पान. पण ढोलकी वाजली आणि तिने पहिलं पाऊल टाकलं मात्र, आम्ही पाचहीजणी एकदम ‘अगंबाई’ म्हणालो. ते पाऊल आमच्या ओळखीचं होतं! तो हात, तो खांदा, ते ओठ मुडपणं, सगळं आमच्या अंगणातलं होतं. खाली मामा बैलांकडे तोंड करून नुसत्या ढोलकीवरून पुटपुटत होते, ‘‘आता गिरकी. डाव्या पायावर. आता थांबंल. आता बघंल.’’ आणि वर मैना थांबायची, बघायची. मामी दर वेळी मान डोलवायच्या. मला मामांचा इतका अभिमान वाटला की घोंगडी बाजूला सारून सगळ्या जत्रेला सांगावंसं वाटलं.

मग निरोपाची लावणी सुरू झाली. खालचं पुटपुटणं बंद झालं. लावणी शेवटाला आली, नवरा निघाला, आम्ही श्वास धरले. मैनेने कपाळावर आडवा हात धरून एकदा दूर पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला. संपलं.

मामींनी वाकून खाली पाहिलं. मामा बैलाच्या शिंगाची बारकाईने तपासणी करत होते. आधी फातिमाबीला हसू फुटलं, मग मला, मग सगळी गाडीच हलायला लागली. बुरखा, घोंगड्या, पदर, जे हाताला लागेल ते आम्ही तोंडात कोंबलं, पण पाचजणींचं हसू दाबणं सोपं नसतं.

विश्रांतीला मैना कनातीच्या बाहेर आली ती थेट गाडीपाशी. ‘‘कोण हाय आत? माझ्या रडण्याला हसायलंय कोण?’’ तिने घोंगडी उचलली आणि थबकलीच. ‘‘अगो बया, बायका!’’ तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिच्या समोर बायका बसून तिचं नाचणं बघतात, असं बहुधा कधी झालं नव्हतं. आमच्याकडे ती टकामका बघत राहिली.

मामींनी सगळं सांगितलं, काहीएक न लपवता. अंगण, झेंड्या, दोन पाळ्या, डुलकी. मामा मान खाली घालून उभे होते. ‘‘बाई, चुकलं माझं,’’ ते म्हणाले. ‘‘तेवढंच एक. बाकी धा वर्सांत एक अक्षर पदरचं न्हाई घातलं.’’

‘‘करून दाखवा,’’ मैना म्हणाली.

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, ‘‘करा की. आता काय लाजायलात?’’ मामांनी कोटाच्या खिशातून हिरवी झेंडी काढली, ती तिथं कायमच असायची. हातबत्तीच्या उजेडात त्यांनी हात लांब केला आणि ती मान सावकाश नेली. मैना हसली नाही. पानसुद्धा चघळायची थांबली.

‘‘पुन्हा एकदा,’’ ती म्हणाली. आणि मग, ‘‘मान एवढी हळू का?’’

‘‘शेवटचा डबा गेल्याबगर मान वळवायची न्हाई, बाई. मागची लाल बत्ती दिसंस्तोर बघत ऱ्हायचं. मधीच मान वळवली अन् मागं एखादा डबा सुटून ऱ्हायला तर? नियमच हाय तसा.’’

‘‘कुणाचा नियम?’’

‘‘रेल्वेचा.’’

मैना तशीच आत गेली. थोड्या वेळाने पुढे बसलेल्या कुणी पाटलाने निरोपाच्या लावणीची पुन्हा फर्माईश केली. मामा कासरा धरून उभेच होते. या वेळी मामी त्यांना वरून सांगायला लागल्या.

‘‘नवरा निघाला... तिनं पदर काढलाय... अवं, हात लांब केला!’’

‘‘मान?’’ मामांनी विचारलं. 

‘‘मान निघाली. डावीकडनं. सावकास... सावकास...’’

कनातीपलीकडे एवढा मोठा जमाव होता, पण बत्तीची सूंसूं तेवढी ऐकू येत होती.

‘‘शेवटचा डबा?’’

‘‘थांबा. अजून न्हाई.’’ मामी फटीला डोळा लावून आणखी पुढे झुकल्या. मग म्हणाल्या, ‘‘गेला. आता पदर गुंडाळायलीय.’’

आणि पलीकडे असा काही गलका उठला, फेटे उडाले, की बैल खरंच बुजले. मामांनी कासरा ओढून धरला होता आणि त्यांच्या मिशा ओल्या झाल्या होत्या. मामींनी गाडीतून हात खाली घालून त्यांच्या डोक्यावर ठेवला. चाळीत पाच वर्षं शेजारी राहून मी त्यांना असं करताना एवढं एकदाच पाहिलं.

पुढे मैनेची ती मान सगळ्या मुलखात गाजली. ती बघायला लांबलांबून लोक यायचे. मामा गर्दीत बसलेले असायचे आणि शेजारचा कुणीतरी त्यांनाच समजावून सांगायचा, ‘‘हे बघा, हे मैनाबिगर कुणाला जमायचं न्हाई.’’ मामा म्हणायचे, ‘‘छे, छे, कुणालाच न्हाई.’’ घरी आले की अंगणात पूर्ण लावणी करायचे आणि शेवटाला ऐटीत म्हणायचे, ‘‘हे मैनाचं हाय. एक अक्षर पदरचं न्हाई.’’ मामी हसून सूप पाखडायला लागायच्या.

रझाकारांच्या धामधुमीत फड यायचे बंद झाले. संध्याकाळ झाली की चाळीतली दारं लागायची. आम्हा बायकांना मामी त्यांच्या खोलीत गोळा करायच्या, फातिमाबीला तर आवर्जून, कारण तेव्हा तिलाही भीती आणि तिच्याकडे बघणाऱ्यांनाही भीती. मग मामा दिवा बारीक करून, ढोलकीचे बोल नुसते ओठ हलवून म्हणत मैनेची पूर्ण बारी करायचे. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून पायात फडकी गुंडाळलेली. बाहेर काय चाललंय ते तेवढा वेळ आम्ही विसरायचो. आज सांगते, त्या दिवसांत माझा धीर सुटला नाही तो त्या फडकी गुंडाळलेल्या पायांमुळे.

निझामाचं राज्य गेलं त्याच हिवाळ्यात मामा नोकरीतून मोकळे झाले. मामींच्या माहेरगावी राहायचं ठरलं होतं. परभणीकडे जाणाऱ्या गाडीत दोघं बसली. आम्ही सगळ्या फलाटावर. सांधेवाला नवा होता, त्याने झेंडी दाखवली. जन्मभर गाड्या लावून देणारा माणूस आज गाडीत बसलेला बघून आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. मी चाळीतली सगळ्यांत लाजरी. तरी कसं कोण जाणे, मीच पुढे झाले, पदर सोडवून हात लांब केला आणि गाडीबरोबर मान न्यायला लागले. लोक बघत होते. डोळे भरून आले, तोंड लपवावं म्हणून मी मान वळवली.

खिडकीतून मामांचा आवाज आला, गाडीच्या खडखडाटावरून, ‘‘पोरी, लौकर वळवलीस! अजून डबे हायेत!’’

मी मान परत आणली. हात तसाच धरून उभी राहिले. एकेक डबा गेला. मागची लाल बत्ती नदीच्या पुलावर बारीक होत होत दिसेनाशी झाली, तेव्हा मी पदर मनगटाला गुंडाळला.